चाकांवरच्या घराचा भाव

लेस्टरमध्ये हिशेबनिसाची नोकरी करताना एक काम हमखास वाट्याला येतं. माणूस गेलं की त्याच्यामागे राहिलेल्या मालमत्तेची यादी करायची आणि प्रत्येक नोंदीपुढे किंमत लिहायची. राहतं घर, बँकेतली शिल्लक, गाडी हे सगळं पटकन उरकतं. गाडं अडतं ते ‘स्केगीच्या व्हॅन’पाशी.

स्केगी म्हणजे लिंकनशरच्या किनाऱ्यावरचं स्केग्नेस, आणि व्हॅन म्हणजे तिथल्या एखाद्या साइटवर कायमची उभी असलेली स्टॅटिक कॅरव्हॅन. साधारण ३५ फूट लांब, १२ फूट रुंद. दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, समोर समुद्राकडे तोंड केलेली मोठी खिडकी. बाहेर गॅसची दोन सिलिंडरं. खालची पोकळी झाकणारी झालर उचलून पाहिलं तर आत खरोखरच चाकं दिसतात. कारखान्यातून साइटवर आल्यापासून ती फिरलेली नसतात, पण असतात मात्र. त्या चाकांतच सगळा हिशेब अडकलेला आहे.

लेस्टर हे होजिअरीचं आणि बुटांचं गाव. जुलैच्या सुरुवातीला इथले कारखाने एकदम दोन आठवडे बंद व्हायचे, त्याला ‘लेस्टर फोर्टनाइट’ म्हणत. त्या पंधरवड्यात अर्धं गाव स्केग्नेस, इंगोल्डमेल्स, मेबलथॉर्पला. आधी भाड्याच्या खोल्या, मग कॅम्प, मग भाड्याची व्हॅन आणि निवृत्तीच्या सुमारास स्वतःची. तेव्हा व्हॅन ही त्या पिढीची आयुष्यभराची हौस. त्यामुळे घरचे लोक खरेदीची पावती मोठ्या विश्वासाने पुढे करतात आणि मी लिहिलेला आकडा बघून त्यांचा चेहरा पडतो. मी सांगलीची. चार भिंती आणि छप्पर असलेल्या गोष्टीचा भाव चढतोच, हे बाळकडू मलाही मिळालेलं. इथे तो बर्फासारखा का वितळतो, हे समजून घ्यायला मला या देशाचे जुने कायदे चाळावे लागले.

हौसेची सुरुवात श्रीमंतांची. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टर-लेखकाने ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी करून घेतली आणि तीत बसून देश पाहिला. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीमागे ओढायच्या कॅरव्हॅन निघाल्या. गरिबांची वाट वेगळी होती. लिंकनशरच्या वाळूच्या टेकड्यांवर लोकांनी मोडीत निघालेल्या रेल्वेच्या डब्यांत आणि बसच्या सांगाड्यांत सुट्टीची घरं थाटली. किनारा असा विस्कटू लागला तेव्हा तिथल्या लिंडसे काउंटी कौन्सिलने १९३२ मध्ये खास वाळूच्या टेकड्यांसाठी कायदा करून घेतला. १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने हलत्या निवाऱ्यांसाठी परवाना आणला. त्याच वर्षी बिली बटलिनने स्केग्नेसला आपला पहिला हॉलिडे कॅम्प काढला, आणि १९३८ मध्ये पगारी सुट्टीचा कायदा झाला. समुद्र कामगारांच्या आवाक्यात आला तो असा.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई इतकी, की हजारो कुटुंबं कॅरव्हॅनमध्येच संसार करू लागली. १९४७ च्या नगरनियोजन कायद्याने नवीन बांधकामाला परवानगी सक्तीची केली होती. पण कॅरव्हॅन हे बांधकामच नव्हे, ती तर गाडी! कौन्सिलांचे हात बांधलेले. या प्रश्नावर सर आर्टन विल्सन यांनी १९५९ मध्ये सरकारला अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, कॅरव्हॅन साइट्सचा कायदा आला. त्यात कॅरव्हॅनची व्याख्या झाली : माणसाने राहण्यासाठी केलेली आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येईल अशी रचना, मग ती ओढून न्या की ट्रकवर घालून. साइट चालवायची तर कौन्सिलचा परवाना हवा आणि परवान्याआधी जमिनीच्या वापराची परवानगी हवी.

व्हॅनचा भाव काढायला मी जो तक्ता मांडते, त्याचे पहिले दोन रकाने इथून आले. जोपर्यंत ती हलवता येते तोपर्यंत ती वस्तू, जमिनीचा भाग नव्हे. पलंग, कपाट, मोटार यांच्या रांगेतली. वस्तू जुनी होते, तिचा भाव घसरतो. दुसरीकडे परवानगी असलेल्या साइट मोजक्याच राहिल्या, म्हणून व्हॅनच्या खालची जमीन मात्र मोलाची झाली. आणि ती होती साइटमालकाची. वस्तू एकाची, जागा दुसऱ्याची, अशी ही जोडी.

तिसरा रकाना मापांचा. १९६८ च्या कायद्याने दोन तुकडे जोडून केलेल्या रचनेलाही कॅरव्हॅन मानलं, पण लांबी ६० फूट आणि रुंदी २० फूट यांच्या आत असेल तरच. एका तुकड्याच्या व्हॅनची रुंदी आधी १० फूट असायची, पुढे १२ फुटांची चलती झाली. हे दोन फूट कागदावर क्षुल्लक वाटतात. पण दहा फुटी व्हॅनमध्ये पलंगाला वळसा घालताना गुडघा आपटतो, बारा फुटीत आपटत नाही. गिऱ्हाईक हे आत पाऊल टाकल्याबरोबर ओळखतं. दहा फुटी जुनी व्हॅन आज विकायला काढली तर फोन करणारा बहुधा शेतकरी असतो; त्याला ती मजुरांसाठी किंवा अवजारं ठेवायला हवी असते.

चौथा रकाना कारखान्याचा. या व्हॅन बनवण्याचा धंदा हल शहराच्या आसपास एकवटला. बाल्टिक देशांतलं लाकूड हलच्या बंदरात उतरायचं, सुतारकामाचे हात तिथे होते. विलर्बी ही कंपनी १९४६ मध्ये निघाली. एबीआय शेजारच्या बेव्हर्लीची, स्विफ्ट कॉटिंगहॅमची. कारखानदारांनी मोटारधंद्याची एक चाल उचलली : दरसाल नवं मॉडेल. सोफ्याचं कापड बदलायचं, ओट्याचा रंग बदलायचा, नाव बदलायचं. त्याबरोबर गेल्या वर्षीची व्हॅन जुनी होते. मोटारींच्या जुन्या भावांची व्यापाऱ्यांची वही, ‘ग्लासेस गाइड’, १९३३ पासून निघते. तशी ती कॅरव्हॅनचीही निघाली. सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती ती सहसा पडत नाही. साइटच्या ऑफिसात मात्र ती असते, आणि घासाघीस करताना कोणाकडे वही आहे यावर बरंच काही ठरतं.

वहीतला भाव चांगल्या स्थितीतल्या व्हॅनचा असतो. स्थिती पाहायला स्वतः जावं लागतं. गेल्या फेब्रुवारीत इंगोल्डमेल्सला एक व्हॅन पाहिली; मालक होजिअरीच्या कारखान्यात विणाईयंत्रावर होते, आता त्यांच्या पत्नीच्या नावाने कागद करायचे होते. आत शिरले की मी बोलत नाही, आधी वास घेते. बंद व्हॅनला थोडा कुबट वास असतोच, पण मातीसारखा ओला वास आला की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. मग समोरच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया टेकवायच्या. पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, विसाच्या वर गेलं की आतली लाकडी चौकट ओल धरायला लागलेली. इथे डावा कोपरा ठीक होता, उजव्याने चोवीस दाखवले. न्हाणीच्या दाराशी टाच दाबली तर जमीन किंचित खाली जाऊन वर आली. नंतर बाहेर येऊन झालर काढली आणि टॉर्च मारून चासी पाहिली. रंग दिलेलं लोखंड खाऱ्या वाऱ्यात पापुद्रे सोडतं, गॅल्व्हनाइज्ड टिकतं. ही गॅल्व्हनाइज्ड निघाली. पुढच्या ओढदांड्यावर क्रमांक कोरलेला असतो. तो पावतीशी जुळवला, आणि व्हॅनवर कर्ज उरलेलं नाही ना, तेही तपासून घेतलं.

खिडक्या दुहेरी काचेच्या होत्या, सेंट्रल हीटिंग होतं. साठ-सत्तरच्या दशकांत व्हॅनमध्ये गॅसची बत्ती असायची, पाणी साइटच्या नळावरून बादलीने आणायचं आणि संडासाला सगळ्यांच्या सामायिक ठिकाणी जायचं. तेव्हाची व्हॅन उन्हाळ्यापुरतीच होती. उबदार व्हॅन आल्यावर मार्चच्या थंडीतही लोक येऊ लागले, म्हणून आज या दोन गोष्टी नसतील तर भाव झटकन पडतो. वर्षभर मात्र तिथे राहता येत नाही. साइटला सुट्टीपुरताच परवाना असतो, आणि हा किनारा सखल. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्र मेबलथॉर्प आणि सटनमध्ये घुसला होता. त्या पुरात इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक माणसं गेली.

आता सगळ्यात वादाचा रकाना : जागेवरचा भाव आणि जागेबाहेरचा भाव. तीच व्हॅन, तेच सोफे. पण पिचसकट, म्हणजे साइटवरच्या तिच्या जागेसकट, विकली तर एक किंमत आणि उचलून न्यायची म्हटली तर तिच्या निम्मीही नाही. हे दोन भाव का झाले, याचं उत्तर १९८३ च्या मोबाइल होम्स कायद्यात आहे. जे बारमाही राहतात त्यांना त्या कायद्याने जागेवर राहण्याचा हक्क दिला, घर जागेवरच विकायची मुभा दिली, आणि साइटमालकाचं कमिशन जास्तीत जास्त १० टक्के ठरवलं. सुट्टीच्या व्हॅनवाल्यांना यातलं काहीच मिळालं नाही. त्यांच्याकडे फक्त करार. पिच किती वर्षं, व्हॅन किती वर्षांची झाली की हलवायची, कमिशन किती, सगळं करारात. बहुतेक ठिकाणी १५ टक्के अधिक व्हॅट. मुंबईत पागडीची खोली ज्यांनी विकली आहे त्यांना हे चटकन कळेल : खोली तुमची म्हणायची, पण मालकाचा हिस्सा दिल्याशिवाय पावती दुसऱ्याच्या नावावर होत नाही. फरक एवढाच की पागडी वर्षागणिक चढते आणि इथे घड्याळ उलटं चालतं.

करारांतल्या जाचक अटींबद्दल तक्रारी इतक्या वाढल्या की २००५ मध्ये सरकारच्या ग्राहकहित पाहणाऱ्या कार्यालयाने साइटमालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. करार सुधारले, सोप्या भाषेत आले. वयाची अट मात्र राहिलीच. साइट नीटनेटकी दिसावी हे त्यामागचं एक कारण, आणि नवी व्हॅन विकण्यातला नफा हे दुसरं. मालकाशी बोलताना पहिलं कारण ऐकू येतं, त्याचा ताळेबंद वाचताना दुसरं दिसतं.

कराचा रकाना सर्वांत अलीकडचा. मोठ्या व्हॅनवर पूर्वी व्हॅट शून्य होता. मार्च २०१२ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी तो २० टक्के करायचं ठरवलं. गरम पेस्टीवरच्या करामुळे गाजलेला अर्थसंकल्प तो हाच. हलचे कारखाने आणि त्या भागातले खासदार पक्षभेद विसरून उठले, आणि दोनेक महिन्यांत सरकारने माघार घेतली : एप्रिल २०१३ पासून ५ टक्के. बारमाही राहण्याच्या दर्जाच्या घरांना तेव्हाही शून्यच राहिला. पावतीवरचा हा कर विकताना परत मिळत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

इंगोल्डमेल्सच्या त्या बाईंना मी नमुन्याचे आकडे घालून हिशेब समजावला. समजा नवी ३२,००० पौंडांची. आज जागेवर तिला १४,००० मिळतील असं धरू. १५ टक्के कमिशन २,१००, त्यावर व्हॅट ४२०, हाती ११,४८०. ओल काढायचा खर्च त्यातून वजा. जागेबाहेर हाच माल ६,००० ला, आणि क्रेन-ट्रकचा खर्च वेगळा. करारात आठ वर्षं शिल्लक असतील तर पहिला आकडा खरा. दोनच असतील तर दुसरा.

“मग आम्ही फसलो का?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते समजुतीपुरतं नव्हतं. व्हॅन हे घर असतं तर त्यांना आधी जमीन घ्यावी लागली असती, बांधकामाची परवानगी काढावी लागली असती, मुद्रांक शुल्क भरावं लागलं असतं. होजिअरी कामगाराच्या पगारात समुद्राकडे तोंड असलेल्या दोन खोल्या आल्याच नसत्या. १९६० च्या व्याख्येने त्यांना किनाऱ्यावर स्वस्तात आणून बसवलं. विकताना हात रिकामे ठेवले तेही त्याच व्याख्येने. घर नाही म्हणून परवडलं आणि घर नाही म्हणूनच भाव उतरला. एकाच कलमाच्या या दोन बाजू आहेत, आणि घेताना गिऱ्हाइकाला दुसरी बाजू कोणी वाचून दाखवत नाही.

म्हणून आता कोणी व्हॅन घेण्याआधी सल्ला विचारला तर मी मॉडेल, सोफे, ओटा यांतलं काहीच विचारत नाही. करार मागते, त्यातली शेवटची तारीख पाहते आणि खरेदीच्या किमतीला उरलेल्या वर्षांनी भागते. येणारा आकडा हे त्यांच्या सुट्टीचं वर्षाचं भाडं. साइट फी त्यावर वेगळी. ते भाडं परवडत असेल तर खुशाल घ्यावी. शेवटी चार पैसे आले तर वरकड समजावेत.