मुक्या संगणकाची ओळख

१९९० नंतरच्या दोन दशकांत जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांत सुटे भाग जोडून तयार केलेले संगणक घरोघरी पोहोचले. मात्र कार्यप्रणाली नव्याने भरली की संगणक मुका होई, कारण ध्वनिसंच ओळखणारा ‘ड्रायव्हर’, म्हणजे यंत्र आणि कार्यप्रणाली यांच्यातील दुभाषी प्रोग्राम, ज्या चकतीवर मिळाला होता ती बहुधा हरवलेली असे. ‘डिव्हाइस मॅनेजर’ या उपकरणांच्या यादीत पिवळे प्रश्नचिन्ह तेवढे दिसे.

१९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ आणले, तेव्हा ध्वनीसाठी वेगळे कार्ड असे आणि त्याचे नाव त्याच्यावरच वाचता येई. १९९७ मध्ये इंटेलने ‘एसी ९७’ हे मानक मांडल्यावर मात्र ध्वनीचे काम मदरबोर्डवरच्या छोट्या चिपकडे गेले. कारागीर तेव्हा पेटी उघडून, रंगाच्या ब्रशने धूळ आणि कापसाचे तंतू झाडून, विजेरीचा प्रकाश तिरपा धरून चिपवरची फिकट अक्षरे वाचत असे.

याहून खात्रीचा मार्ग क्रमांकाचा होता. पीसीआय जोडणीवरील प्रत्येक उपकरण उत्पादकाचा व स्वतःचा, असे दोन क्रमांक सांगते. इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६ आहे, जो त्या कंपनीच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरचेच नाव होय. ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील उपकरणाच्या ‘डिटेल्स’मधून ही जोडी उतरवून घेतली की नेमका ड्रायव्हर शोधता येई. कागदाच्या चिठोऱ्यावर क्रमांक टिपण्याचे हे कौशल्य पाठ्यपुस्तकापेक्षा दुकानाच्या बाकावरच अधिक शिकले गेले, आणि म्हणूनच त्याची नोंद व्हायला हवी.