पाण्याचा उतारा

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे प्राचीन गाव आहे. जुन्या मंदिरांचे अवशेष, कोरीव दगडी स्तंभ आणि पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरणारी बारव, हे या गावाचे वैभव. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत चौथीतील काही मुलांना घेऊन मी या बारवेच्या काठी बसलो होतो. मुले उतारा घडाघडा वाचतात. परंतु त्याची मध्यवर्ती कल्पना विचारली की गप्प होतात, अशी पालकांची तक्रार होती. समोर पाण्यासाठी बांधलेली वास्तू होती, म्हणून मी महाडच्या चवदार तळ्यावर एक लहानसा उतारा लिहून नेला होता.

उतारा असा होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्य गणलेल्या बांधवांना खुल्या झाल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले. तरी कागदावर उघडलेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह शांतपणे तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. पुढे सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली.

वाचन संपले. ‘‘या उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना कोणती?’’ मी विचारले.

‘‘पाणी,’’ एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘‘मारामारी.’’ तिसऱ्याने बाबासाहेबांचे नाव घेतले. तिन्ही गोष्टी उताऱ्यात होत्या. पण तो कशाविषयी आहे, हे सांगणे वेगळे आणि तो काय सांगतो, हे ओळखणे वेगळे. मी कोणालाही चूक म्हटले नाही. उताऱ्यात नसलेली एकच माहिती पुरवली : त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, पाखरे पीत, मुसलमानांनाही तेथे मज्जाव नव्हता. मग विचारले, ‘‘आणि ज्याने पाणी बाटते, ते कोण?’’

मुले थोडा वेळ गप्प राहिली. मग मागे बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘फादर, म्हणजे त्यांना नुसतं पाणी नको होतं. माणूस म्हणून मोजा, असं म्हणायचं होतं.’’

वाचकहो, त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी नेमके हेच स्पष्ट केले होते : आम्ही केवळ पाणी पिण्यासाठी तळ्यावर जात नाही, इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी जातो. त्या मुलीने हे भाषण वाचलेले नव्हते. ती केवळ तपशिलांच्या मागे चालत गेली आणि त्याच जागी पोहोचली.

मी तिची पाठ थोपटली. पण लगेच म्हणालो, ‘‘हे कशावरून? उताऱ्यातील वाक्य दाखव.’’ तिने ‘शुद्धी’च्या वाक्यावर बोट ठेवले. भांडण पाण्याचे असते, तर पाणी संपले असते. ते ‘बाटले’ नसते. मध्यवर्ती कल्पना वाऱ्यावर उभी राहत नाही, तिला तपशिलांचे खांब लागतात, हे मुलांना तेव्हा उमगले. मग मी उरलेली हकीकत सांगितली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निर्णय दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

दुसऱ्या दिवशी उतारा होता अमेरिकेचा. १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला. तिला अटक झाली. तेथील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. या वेळी ‘बस’ असे उत्तर कोणीच दिले नाही. ‘‘हे पण तळ्यासारखंच आहे,’’ एक मुलगा म्हणाला. शिकलेले खरोखर रुजल्याची याहून मोठी खूण नाही.

माझ्या बालपणी मी महाडच्या सत्याग्रहाची तारीख पाठ केली होती. पैकीच्या पैकी गुण मिळाले. वर्गात माझ्यापासून दूर बसणारा मित्र दूर का बसतो, असे मात्र मला कधी विचारावेसे वाटले नाही. तयार उत्तर तोंडपाठ झाले की प्रश्न मरतो. म्हणून गाईडमधील वाक्य मुलांच्या वहीत उतरवून देण्याची घाई आपण पालकांनी आणि शिक्षकांनी करू नये. तपशिलावाचून दिलेली कल्पना ही घोषणा ठरते आणि कल्पनेवाचून दिलेला तपशील ओझे ठरतो.

याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले, हा प्रसंग आपली मुले लहानपणापासून ऐकतात. त्याचीही मध्यवर्ती कल्पना तहान एवढीच नाही. मग एखादे मूल विचारील, ‘‘आपल्या चर्चमध्ये असा भेद नव्हता ना?’’ आपल्या देशात काही ठिकाणी ख्रिस्ती लोकांनीही जातीप्रमाणे वेगळ्या बैठका आणि वेगळ्या दफनभूमी राखल्या. मुलाला खरे तेच सांगावे. दुसऱ्यांच्या तळ्याचा इतिहास शिकवणाऱ्याने आपल्या अंगणातील विहीर झाकून ठेवू नये.

भारतीय संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. हे वाचून दाखवले, तेव्हा एका मुलाने बारवेकडे पाहिले. ‘‘फादर, इथं सगळेच पाणी भरायचे का?’’

मी म्हणालो, ‘‘तुझ्या आजीला विचार. ती काय सांगते, ते लिहून आण.’’

दप्तर तेथेच टाकून तो घराकडे धावला.