प्रतिस्पर्धी हाच परीक्षक

येशूसंघाने १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी ‘रातिओ स्तुदिओरुम’ ही शिक्षणसंहिता जाहीर केली. तीत प्रत्येक विद्यार्थ्याला वर्गातच एक प्रतिस्पर्धी नेमून देण्याची प्रथा होती. एकाने उत्तर द्यावे, दुसऱ्याने त्यातील चूक दाखवावी. चूक पकडण्यासाठी आधी लक्षपूर्वक ऐकावे लागे.

अमेरिकेत १९५१ साली ‘नॅशनल कॅथोलिक फोरेन्सिक लीग’ स्थापन झाली. कॅथोलिक शाळांबरोबरच इतर शाळांनाही ती आरंभापासून खुली होती. तिच्या वादस्पर्धांत विद्यार्थी एका फेरीत ठरावाच्या बाजूने, तर दुसऱ्या फेरीत विरुद्ध बाजूने बोलतो. परीक्षकानेही स्वतःचे मत बाजूस सारून, समोर मांडलेले युक्तिवादच तोलावयाचे असतात.

आपल्या धर्मग्रामांतील वक्तृत्वस्पर्धांत मुले बोलावयास शिकतात. प्रतिपक्षाचे ऐकून न्याय करावयास त्यांना कोण शिकविणार?