'टू'मागचा हेतू

इंग्रजीच्या वह्या तपासताना 'आय वेंट टू द मार्केट फॉर टू बाय मँगोज' अशा धर्तीचे वाक्य शिक्षकांच्या ओळखीचे असते. आपण 'फॉर'वर लाल रेघ मारतो. आजच्या नियमाप्रमाणे ते योग्यच आहे. पण सहाशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये याच रेघेबद्दल शिक्षकाला जाब द्यावा लागला असता!

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'पिणे' या अर्थी 'द्रिंकन' हे रूप होते. त्याच्यामागे 'टू' लागत नसे. 'टू' हे तेव्हा साधे दिशादर्शक अव्यय होते. हेतू सांगायचा झाला तर मात्र 'तो द्रिंकेन्ने', म्हणजे जणू 'पिण्याकडे', असे निराळे रूप वापरीत. त्याच्या अखेरचा 'ए' हा चतुर्थीचा प्रत्यय, असे परंपरेने मानले जाते.

हे परके वाटते का? 'तो पुण्याला गेला' आणि 'तो पाणी प्यायला गेला' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. 'स, ला, ते' असे आपण घोकलेला चतुर्थीचा 'ला' दोन्हीकडे आहे. 'प्यावयास' या जुन्या रूपात तर 'स'ही सापडतो. जिथे जायचे ते ठिकाण आणि ज्यासाठी जायचे तो हेतू, दोन्हींना एकच खूण!

पण वापराने अशी खूण झिजते. १०६६ नंतरच्या तीन-चार शतकांत इंग्रजी शब्दांचे अंत्य प्रत्यय गळत गेले. 'टू' उरला, पण हेतू नसलेल्या जागीही तो दिसू लागला. मराठीत तरी वेगळे काय घडले? 'मूल रडायला लागले' यात कसला आला आहे हेतू? भाषाशास्त्रज्ञ मार्टिन हास्पेलमाट यांनी १९८९ साली दाखवून दिले, की हेतुवाचक रूप झिजून साधे क्रियारूप होण्याचा हा प्रवास जगातील अनेक भाषांनी केला आहे.

झिजलेल्या 'टू'ला टेकू म्हणून 'फॉर टू' आले. १४०० साली निवर्तलेल्या चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये ते जागोजाग भेटते. गंमत अशी, की तिथेही ते कधी कधी हेतूशिवायच येते; म्हणजे टेकूही झिजू लागला होता. १६११ च्या बायबलमध्येही ते आहे. पुढे प्रमाण इंग्रजीने ते टाकले आणि हेतू ठसवायला 'इन ऑर्डर टू' घेतले. बेलफास्टच्या बोलीत मात्र 'फॉर टू' टिकून राहिले. आपणही 'प्यायला'ने भागत नाही तिथे 'पिण्यासाठी' म्हणतोच की.

'कॅन' आणि 'मस्ट'नंतर 'टू' का नाही, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. तिथे 'द्रिंकन'चाच वंशज बसला आहे. त्या जागी 'टू' कधी शिरलाच नाही.