योजनापासून परमाणूपर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लांबीच्या मापांवरील लेख पाहून काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. परंतु मापांचा इतिहास हा माणसांच्या देवघेवीचाच इतिहास होय. आणि घर सोडून दूर प्रांती संसार थाटलेल्या आपणा मंडळींस, एका गावची रीत दुसऱ्या गावी चालत नाही म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

दशमान पद्धती पाश्चात्त्यांनी आणली, असे कोणी म्हणाले की आपण लगेच शून्याचा व स्थानमूल्याचा दाखला देतो. तो रास्तच आहे. सह्याद्रीच्या परिसरात वाढलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' रचिली. तीत एक, दश, शत, सहस्र अशी दहादहाच्या पटीने चढत जाणारी अठरा स्थानांची नावे दिली आहेत. शेवटचे स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. पण त्याच ग्रंथातील लांबीचे कोष्टक पाहावे. आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हस्त, चार हस्तांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश आणि चार क्रोशांचे एक योजन. योजनाचे यव करावयाचे तर चार, दोन हजार, चार, चोवीस आणि आठ यांचा गुणाकार करावा लागतो. उत्तर येते ६१,४४,०००. संख्या दहाने चढते, माप मात्र कधी चाराने, कधी चोविसाने, कधी दोन हजाराने!

खाली उतरतानाची गोष्ट याहून मौजेची. कौटिलीय अर्थशास्त्रात आठ परमाणू म्हणजे रथाच्या चाकाने उडालेला एक धूलिकण; तसे आठ म्हणजे एक लिक्षा, आठ लिक्षा म्हणजे एक यूका, आठ यूका म्हणजे एक यव. लिक्षा म्हणजे लीख आणि यूका म्हणजे ऊ. राजाच्या कोष्ठागारातील मापाचा पाया डोक्यातील उवेवर उभा असावा, याचे आज हसू येते. पण सर्वांच्या परिचयाची बारीक वस्तू दुसरी कोणती सापडणार होती? आठाच्या पाच पायऱ्या उतरल्यावर एका अंगुलाचे ३२,७६८ परमाणू होतात.

'ललितविस्तर' या बौद्ध ग्रंथात तर सिद्धार्थाच्या विवाहप्रसंगी अर्जुन नामक गणिती त्याची परीक्षा घेतो. हा अर्जुन पांडव नव्हे. तेथे सातासाताच्या दहा पायऱ्या आहेत. बोटाच्या एका पेऱ्यात २८,२४,७५,२४९ परमाणुरज येतात आणि एका योजनात ३,८४,००० पेरी. म्हणजे एका योजनाचे परमाणुरज १०,८४,७०,४९,५६,१६,००० भरतात. पेरे दोन सेंटिमीटरांचे धरले तर त्या परमाणुरजाची लांबी आजच्या भाषेत सुमारे ७० पिकोमीटर निघते, आणि हायड्रोजनच्या अणूचा व्यास शंभर पिकोमीटरांच्या आसपास आहे. एवढ्यावरून प्राचीनांस अणूचे माप अवगत होते अशी टाळी घेणारे वक्ते आम्ही ऐकले आहेत. आमच्या मते हा योगायोग आहे. सातऐवजी आठाने भागले असते तर उत्तर पार बदलले असते. खरे कौतुक वाटते ते एवढ्या दूरच्या दोन टोकांना एकाच कोष्टकात बांधण्याच्या धाडसाचे.

अडचण व्यवहारात होती. 'लीलावती'चा क्रोश दोन हजार दंडांचा, 'ललितविस्तर'चा एक हजार धनूंचा; दंड काय नि धनू काय, दोन्ही चार हातांचेच. शब्द एकच, लांबी निम्मी. हात, गज, कोस ही नावे देशभर फिरली, पण लांबी गावोगाव निराळी. शिवकालात जमीनमोजणीसाठी काठी ठरविण्यात आली, ती पाच हात पाच मुठींची. हात चौदा तसूंचा, काठी ब्याऐंशी तसूंची, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर, अशी नोंद सभासदाच्या बखरीत आहे. हाताची लांबी माणसागणिक बदलते. ती तसूंत बांधून टाकली, यातच त्या व्यवस्थेचे मर्म आहे. तरीही हिशेब किचकट राहिलाच. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केली ती हौसेखातर नव्हे. एकाच्या वर आपण दहाने चढत होतो. एकाच्या खाली मात्र पाव, अर्धा, पाऊण असेच उतरत होतो.

चढण्याउतरण्याची शिडी एकच करण्याचे काम फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत झाले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे मीटर, असे १७९१ साली ठरले. ते अंतर मोजण्यासाठी १७९२ साली देलाम्ब्र व मेशँ हे दोन ज्योतिर्विद निघाले. एकाने डंकर्कच्या बाजूने, दुसऱ्याने बार्सिलोनाच्या बाजूने मोजणी केली. युद्ध व संशयी गावकरी यांतून वाट काढीत सात वर्षे गेली. मेशँला बार्सिलोना येथील अक्षांशाच्या दोन वेधांत सुमारे तीन विकलांची तफावत आढळली. ती त्याने कोणास सांगितली नाही. मनात कुढत राहिला. पुढे मोजणी वाढविण्यासाठी तो पुन्हा स्पेनमध्ये गेला आणि १८०४ साली तेथेच तापाने वारला. त्याचे कागद देलाम्ब्रच्या हाती आले तेव्हा ती गोष्ट उघड झाली. १७९९ साली घडविलेला प्लॅटिनमचा मीटर अपेक्षित लांबीहून सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड भरला, पण त्याचे मुख्य कारण पृथ्वीच्या चपटेपणाचा चुकलेला अंदाज होता. तो मीटर मात्र तसाच राहिला. म्हणून ते अंतर आज बरोबर दहा हजार नव्हे, तर सुमारे १०,००२ किलोमीटर आहे.

आपल्याकडे हे माप येण्यास फार वेळ लागला. १८८९ साली पॅरिस येथील पहिल्या सर्वसाधारण परिषदेने प्लॅटिनम-इरिडियमचा नवा प्रमाण मीटर मान्य केला. आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कायदा करून विलायती यार्ड हे लांबीचे प्रमाण ठरविले! स्वातंत्र्यानंतर १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, १९५७ साली भारत मीटर करारात सामील झाला, आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे टप्प्याटप्प्याने वार व मैल जाऊन मीटर व किलोमीटर आले. घराचे क्षेत्रफळ मात्र आपण अद्याप चौरस फुटांतच विचारतो.

मीटरच्या मागे लागणारी उपपदे १७९५ च्या फ्रेंच कायद्यात आली. वर चढताना ग्रीक, म्हणजे डेका, हेक्टो, किलो. खाली उतरताना लॅटिन, म्हणजे डेसी, सेंटी, मिली. विज्ञानाची दृष्टी जसजशी दोन्हीकडे लांबली तसतशी नावे वाढली. १९६० साली टेरा, गिगा, नॅनो, पिको. १९६४ साली फेम्टो व अॅटो, जे डॅनिश भाषेतील पंधरा व अठरा या शब्दांवरून घेतले. १९७५ साली पेटा व एक्झा. १९९१ साली झेटा, योटा व त्यांचे खालचे जोडीदार. आणि २०२२ साली रोना, क्वेटा, रोंटो, क्वेक्टो. खुद्द मीटरही १९६० साली क्रिप्टॉनच्या प्रकाशलहरींशी, तर १९८३ पासून प्रकाशाच्या वेगाशी जोडला गेला. प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो, तेवढा मीटर.

आता रूपांतर पाहा. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ पेटामीटर, आणि पेटा म्हणजे दहाचा पंधरावा घात. प्रोटॉनसारख्या कणाचे माप फेम्टोमीटरांत घेतात, आणि फेम्टो म्हणजे दहाचा उणे पंधरावा घात. प्रकाशवर्षाचे फेम्टोमीटर करावयाचे तर पंधरा आणि पंधरा मिळवावयाचे, झाले तीस. उत्तर ९.४६ गुणिले दहाचा तिसावा घात. गुणाकाराची जागा बेरजेने घेतली. योजनाचे यव करताना जे पाच गुणाकार झाले, त्यांतला एकही येथे नाही.

मात्र मराठीतून मोजणारा येथे एका जागी अडखळतो. किलोच्या पुढील उपपदे तीनतीन शून्यांनी चढतात. आपले हजार, लाख, कोटी दोनदोन शून्यांनी. म्हणून मेगामीटर म्हणजे दहा लाख मीटर आणि गिगामीटर म्हणजे शंभर कोटी मीटर, असे दर वेळी मनात जुळवून घ्यावे लागते. लाखाला आणि कोटीला या यादीत स्वतःचे उपपद नाही. भास्कराचार्यांच्या परार्धालाही नाही. ते पेटा आणि एक्झा यांच्या मध्ये पडते. परार्ध मीटरांस आज शंभर पेटामीटर म्हणावे लागते. ते अंतर सुमारे साडेदहा प्रकाशवर्षांचे होते. व्याधाचा तारा आपणापासून ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे परार्धाच्या थोडा अलीकडेच.