बूटलोडर-दुरुस्ती, ड्युअल बूट संगणकाची

संगणक सुरू होताच ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीत आणणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स असतील, तर कोणती उघडायची हे विचारण्याचे काम बहुधा लिनक्सबरोबर येणारा ‘ग्रब’ करतो. तो बिघडला की दोन्ही सिस्टीम शाबूत असूनही एकीपर्यंत किंवा दोन्हींपर्यंत पोचता येत नाही.

दिल्ली परिसरात असे संगणक सरकारी वाटपातूनही घरोघरी आले. उत्तर प्रदेश सरकारने मार्च २०१३ पासून बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना एचपीचे लॅपटॉप मोफत दिले. एका लॅपटॉपची किंमत १९,०५८ रुपये होती आणि त्यात विंडोज ७ व उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन्ही सिस्टीम होत्या. योजना राज्यभराची, म्हणून दिल्लीला लागून असलेले नोएडा आणि गाझियाबादही तिच्यात आले. पहिलाच संगणक हाताळणाऱ्या मुलांपुढे दोन सिस्टीम ठेवणे, हा त्या योजनेचा सर्वांत मोलाचा भाग म्हटला पाहिजे.

जुन्या बायॉस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी जेमतेम ४४६ बाइट बूट-कोडसाठी असतात. विंडोज पुन्हा टाकली की ती न विचारता तिथे स्वतःचा कोड लिहिते आणि लिनक्स गेल्यासारखे वाटते. उलट, जागा हवी म्हणून लिनक्सचे पार्टिशन उडवले, तर ग्रबचा पहिला तुकडा तेवढा उरतो. बाकीचा भाग पार्टिशनबरोबर गेलेला असतो, त्यामुळे ‘ग्रब रेस्क्यू’ ही ओळ येते आणि विंडोजही उघडत नाही. नव्या यूईएफआय पद्धतीत प्रत्येक सिस्टीमच्या बूट-फाइली एका लहान पार्टिशनमध्ये वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात. तिथे पुष्कळदा सेटअपमध्ये जाऊन बूट-क्रम बदलला तरी काम होते.

तेवढ्याने भागले नाही, तर उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. मूळ सिस्टीम ज्या पद्धतीची (बायॉस किंवा यूईएफआय), त्याच पद्धतीने पेनड्राइव्ह सुरू झाला पाहिजे. दुरुस्ती फसते ती बहुतेक इथेच. मग लिनक्सचे पार्टिशन जोडून, आत जाऊन ग्रब नव्याने बसवावा व त्याची यादी अद्ययावत करावी. ग्रब २.०६ पासून इतर सिस्टीम शोधणे आपोआप होत नाही. यादीत विंडोज दिसत नसेल, तर ती सोय सेटिंगच्या फाइलीत चालू करावी लागते. लिनक्स नकोच असेल, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून तिचा स्वतःचा बूटलोडर परत बसवता येतो.

ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा-अपडेटनंतर काही ड्युअल बूट संगणकांवर सिक्युअर बूटने, म्हणजे विश्वासार्ह नसलेला बूट-कोड रोखणाऱ्या यूईएफआयच्या सोयीने, लिनक्स अडवले होते. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स अद्ययावत करतात. मात्र विंडोजची डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असेल, तर त्याआधी त्याची रिकव्हरी-की हाताशी हवी; नाहीतर विंडोजच कुलूपबंद राहते.

बूटलोडर गेला म्हणजे फाइली गेल्या, असे नसते. दुकानदाराने ‘फॉरमॅट मारू’ म्हटले तर नकार द्यावा आणि आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून आपला डेटा काढून घ्यावा.