मिसरीच्या डबीतली गोळी

मुनिरका गावातल्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावे लागते. डोक्यावर तारांचे जाळे, एकमेकांना टेकलेल्या पाच मजली इमारती, जेएनयूची मुले, ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुली, रात्रपाळीवरून परतणारे लोक आणि थोड्या थोड्या अंतरावर एखादा केमिस्ट. माझ्या खोलीखालच्या केमिस्टकडे एका संध्याकाळी मी रांगेत उभा होतो. पुढच्या मुलीने चिठ्ठी सरकवली. त्याने खणातून एक ‘पत्ता’ काढला (दिल्लीत गोळ्यांच्या स्ट्रिपला पत्ता म्हणतात) आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, ‘मिरगीवाली ना?’ मुलगी क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, ‘भाभी के लिए है.’

ती भाभी खरी असेल, नसेलही. मला मात्र आमची आत्या आठवली.

आत्याचे लग्न 1978 सालचे. तिला बाराव्या वर्षापासून आकडी यायची. आजीने कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, अंगारे-धुपारे झाले, आणि शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी गार्डिनालची गोळी सुरू केली. रात्री एक. आकडी जवळजवळ थांबली. लग्न ठरवताना घरात ठरले की यातले काही बोलायचे नाही. गोळ्या आत्या मिसरीच्या डबीत ठेवायची. ती डबी सासरी कोणी उघडणार नाही, हा हिशेब. पुरवठा माझ्या वडिलांकडे होता. भाऊबीजेला, संक्रांतीला आणि नागपंचमीला ते जायचे. ओवाळणीच्या पाकिटात नोटेबरोबर गोळ्या असायच्या. एका वर्षी संक्रांतीला त्यांना जाता आले नाही.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी त्या गोळीचा इतिहास सांगायला हवा, कारण तो आत्याच्या घरापासून वाटतो तितका लांबचा नाही.

अपस्मार हा शब्दच मुळी वर्णन आहे: स्मृती निघून जाणे. चरकसंहितेत त्याचे वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे चार प्रकार सांगितले आहेत, ब्राह्मी घृतासारखी औषधे आहेत, आणि एक फार व्यवहारी सूचना आहे: अशा माणसाला पाणी, अग्नी, झाड, कडा यांपासून जपावे. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या बाबतीत ही सूचना किती नेमकी आहे, हे खेड्यात वाढलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे 400 च्या सुमारास हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथाने लिहिले की या रोगात इतर रोगांपेक्षा पवित्र असे काही नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे. इतके स्पष्ट लिहून ठेवल्यावरही पुढची दोन हजारांहून अधिक वर्षे माणसे भूत, शाप आणि पाप यांच्याच मागे राहिली.

पहिले खरे उपयोगी औषध चुकीच्या कारणाने सापडले. 1857 मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय सभेत चार्ल्स लोकॉक या डॉक्टरांनी सांगितले की काही स्त्रियांना पाळीच्या सुमारास येणाऱ्या झटक्यांवर त्यांनी पोटॅशियम ब्रोमाइड दिले आणि गुण आला. हे गृहस्थ राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतिवैद्य. ब्रोमाइडने कामवासना मंदावते असे त्या काळी मानत, आणि अपस्माराचे मूळ वासनेत आहे असेही मानत. दोन्ही समजुती जोडून औषध दिले गेले. समजूत खोटी निघाली, औषध चालले. पण ब्रोमाइडने माणूस मंद होई, अंगावर पुरळ उठे. उपचाराची किंमत रोग्याच्या चेहऱ्यावर दिसायची.

मग 1912. जर्मनीत फ्रायबुर्गच्या मनोरुग्णालयात आल्फ्रेड हाउप्टमान हा तरुण डॉक्टर होता. असे सांगतात की त्याची खोली अपस्माराच्या वॉर्डाजवळ होती आणि रात्रीच्या आवाजांनी त्याला झोप लागत नसे. रोगी शांत झोपावेत म्हणून त्याने बायर कंपनीचे नवे झोपेचे औषध, ल्युमिनाल, त्यांना दिले. सकाळी लक्षात आले की झटके कमी झाले आहेत. हेच फेनोबार्बिटाल, आत्याच्या डबीतले गार्डिनाल. हाउप्टमान ज्यू होता. नाझींनी त्याची प्राध्यापकी काढून घेतली, 1938 च्या नोव्हेंबरात त्याला डाखाउच्या छळछावणीत टाकले. सुटल्यावर तो अमेरिकेत गेला आणि 1948 मध्ये बॉस्टनला वारला. ज्याच्या औषधावर जगभरातली लाखो माणसे आजही झोपी जातात, त्याचे नाव कोणत्याही स्ट्रिपवर नाही.

फेनोबार्बिटाल स्वस्त आहे, शरीरातून फार हळू बाहेर पडते, म्हणून दिवसातून एकच गोळी पुरते. लपवून घ्यायच्या औषधाला याहून सोयीचा गुण नाही. पण दोन गोष्टी या गोळीबरोबर येतात. एक म्हणजे गुंगी. सासरी आत्याला ‘झोपाळू’ आणि ‘जड’ म्हणत. भाकरी थापता थापता तिची मान लवायची. औषधाचा परिणाम तिचा स्वभाव ठरला, आणि खरे कारण सांगायची सोय नसल्याने तिने तो स्वभाव म्हणून मान्यही केला. दुसरी गोष्ट अशी की ही गोळी एकदम बंद करता येत नाही; अचानक तुटली तर झटके आधीपेक्षा जोरात, एकामागून एक येऊ शकतात. त्या संक्रांतीनंतर पंधरा-वीस दिवसांनी नेमके तेच झाले, भर अंगणात.

आता कायद्याचे बघा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा शब्दही नव्हता. त्याआधारे मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला होता (तो 1972 च्या विधी-अहवालात छापलेला आहे) की बरा होण्याजोगा अपस्मार लग्नाआधी सांगितला नाही, एवढ्याने नवऱ्याची फसवणूक झाली असे होत नाही. पण 1976 च्या दुरुस्तीने विवाहाच्या अटींमध्ये ‘वेड किंवा अपस्माराचे वारंवार झटके’ हे शब्द घातले. असे झटके असलेल्याशी झालेले लग्न रद्द करून घेता येऊ लागले. विशेष विवाह कायद्यातही हेच आले. म्हणजे आत्याच्या लग्नाच्या दोनच वर्षे आधी तिच्या मिसरीच्या डबीला पुराव्याची किंमत आली. वेड आणि अपस्मार एका वाक्यात, ‘किंवा’ने जोडलेले. वेडाला हा कलंक का लागावा हाही प्रश्न आहेच. पण निदान मेंदूच्या विजेचा क्षणिक बिघाड म्हणजे वेड नव्हे, एवढे तरी 1976 साली ठाऊक होते. 1970 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने या शब्दांविरुद्ध दीर्घ पाठपुरावा केला. 1999 च्या अखेरीस संसदेने ‘किंवा अपस्मार’ हे शब्द दोन्ही कायद्यांतून काढले. तेवीस वर्षे लागली.

मुंबईत याच काळात एक शांत, मोलाचे काम चालू होते. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघर जाऊन सुमारे 14,000 लोकांची पाहणी केली. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आयुष्यात कधीतरी अपस्मार झालेल्यांचे प्रमाण हजारी 4.7 निघाले. आकडा लहान वाटतो. पण भारतभराचा हिशेब मांडला की अंदाज एक कोटीच्या घरात जातो. आत्यासारखी डबी किती घरांत असेल, याचा हिशेब कोणत्याही पाहणीत येत नाही, कारण दारावर आलेल्याला घरचे लोक ‘आमच्याकडे कोणी नाही’ असेच सांगतात.

पुढच्या औषधांबद्दल थोडक्यात. फेनिटोइन 1908 मध्येच तयार झाले होते; झोप आणत नाही म्हणून निरुपयोगी ठरून पडून राहिले. 1938 मध्ये बॉस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की झोप न आणताही झटके थांबवता येतात. हे मोठेच वळण, जरी त्याने हिरड्या सुजतात आणि मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातले प्रमाण एकदम उडी मारते. पाश्चात्य डॉक्टर फेनोबार्बिटालला मुलांसाठी वाईट ठरवू लागले, तेव्हा पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात 94 मुलांवर दोन्हींची तुलना झाली. 1998 च्या त्या अभ्यासात फेनोबार्बिटालने वागणुकीवर जास्त वाईट परिणाम केलेला दिसला नाही. गरीब देशाला स्वस्त औषध सोडायला सांगण्याआधी असा अभ्यास करावा, हे इतके उशिरा का सुचावे?

व्हॅल्प्रोएटची गोष्ट बायकांची आहे, म्हणून तिच्यापाशी थांबतो. 1882 मध्ये तयार झालेले हे द्रव्य ऐंशी वर्षे नुसते द्रावक म्हणून वापरात होते. 1962 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबलला संशोधक इतर द्रव्ये त्यात विरघळवून तपासत होते. प्रत्येकच द्रव्य झटके थांबवू लागले, तेव्हा कळले की गुण द्रावकाचा आहे. औषध उत्तम. पण 1982 मध्ये फ्रान्समधूनच बातमी आली की गरोदरपणी ते घेतलेल्या आयांच्या बाळांत पाठीच्या कण्याचे व्यंग जास्त दिसते. आता माहीत आहे की अशा दहा बाळांपैकी एकाला जन्मजात व्यंग असू शकते आणि दहापैकी तीन-चार मुलांची वाढ-विकास मागे पडू शकतो. ब्रिटनने कडक निर्बंध आणले ते 2018 मध्ये. ज्या बाईने आपला आजारच लपवला आहे, तिला लग्नानंतर ‘औषध बदलून घे’ असे कोण आणि कुठे सांगणार? आणि घाबरून तिने ते स्वतःच बंद केले तर तोही जिवावरचा धोका.

दोन औषधे नीट देऊनही सुमारे एक तृतीयांश रोग्यांचे झटके थांबत नाहीत. त्यांच्यासाठीचे एक महत्त्वाचे उत्तर मुनिरक्यापासून काही किलोमीटरवर, एम्समध्ये मिळाले. तिथे शस्त्रक्रियेसाठी मुलांची प्रतीक्षायादी लांब होती. डॉ. मंजरी त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी त्या लांब यादीचाच अभ्यास केला: अठरा वर्षे आणि त्याखालच्या 116 जणांपैकी 57 जणांची शस्त्रक्रिया लगेच, 59 जण वर्षभर औषधांवर. वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 77 टक्के झटक्यांपासून मुक्त होते, दुसऱ्या गटातले 7 टक्के. शस्त्रक्रियेच्या गटात एक तृतीयांश मुलांना गंभीर त्रासही झाला, हेही त्यांनी लपवले नाही. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झाले. एखाद्या सरकारी इस्पितळातल्या लांब रांगेतून जगाच्या उपयोगाचे ज्ञान निघावे, यात अभिमान वाटावा की लाज, मला ठरवता येत नाही.

अलीकडे जाणकार या औषधांना ‘अपस्मारविरोधी’ म्हणत नाहीत, ‘झटकेरोधक’ म्हणतात. प्रामाणिक बदल आहे. औषध झटका अडवते, रोगाच्या मुळापर्यंत जात नाही.

त्या अंगणातल्या दिवसानंतर आत्याचे लग्न मोडले नाही. सासऱ्यांनी दोन दिवस कोणाशी बोलणे टाकले आणि तिसऱ्या दिवशी वडिलांना पोस्टकार्ड टाकले: गोळ्यांचे नाव कळवावे, इथे तालुक्याला मिळतात का बघतो. पुढे आत्याने डबी वापरायचे सोडले. परवा फोनवर मी तिला त्या केमिस्टकडच्या मुलीचे सांगितले. तिने विचारले, ‘गोळी कुठली होती?’ मला ते दिसले नव्हते. ‘मग पुढच्या वेळी नीट बघ,’ ती म्हणाली, ‘आणि तिचं लग्न व्हायचंय का, ते विचार.’